तुम्ही विचारलंत म्हणून: सावजी खाल्ल्याने पोटाचा कॅन्सर होतो का?

पोटाच्या कॅन्सरवर रिसर्च करते असं कळलं की नागपुरात पुढचा प्रश्न ठरलेला, मग लग्नाची पंगत असो की बर्डीवरचं दुकान, "मॅडम, एवढं सावजी खातो आपण, त्यानं पोटाचा कॅन्सर होते का जी?"

तर सावजीतल्या तिखटाविरुद्ध तसा पक्का पुरावा नाही. आधीच अल्सर असेल तर तर्रीने आग होते, त्रास वाढतो, हे खरं. पण 1994 मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने पोटाच्या कॅन्सरसाठी ज्याला पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर करतो हे पक्कं झालेल्यांच्या यादीत टाकलं, तो एक जंतू आहे, हेलिकोबॅक्टर पायलोरी. बहुतेकदा लहानपणीच पोटात शिरतो आणि औषध नाही घेतलं तर जन्मभर राहतो. ॲसिडमध्ये जंतू जगेलच कसा असं लोक म्हणायचे, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर बॅरी मार्शलने 1984 मध्ये स्वतःच त्याचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले जंतू, पिऊन जठराला सूज आणून दाखवली, आणि 2005 ला त्याचा सहकारी रॉबिन वॉरेन आणि त्याला नोबेल मिळालं. हे सांगताना मला अजूनही काटा येतो.

माझं काम त्याच्या पुढचं, म्हणजे हा जंतू पेशीत नेमकं करतो काय. याच्या काही जातींकडे कॅगए नावाचं प्रोटीन असतं, ते तो जठराच्या पेशीत सुईने टोचल्यासारखं आत सोडतो, आत गेलं की आपल्याच पेशीचे एन्झाइम त्याला फॉस्फेट लावून देतात, मग ते एसएचपी-टू नावाच्या एन्झाइमला चिकटून त्याला चालू करतं आणि पेशीला वाढत राहा, वाढत राहा असा निरोप मिळत राहतो. जपान-कोरियाकडच्या जातीतलं कॅगए तर जास्तच घट्ट चिकटतं. वर्षानुवर्षं सूज, मग अस्तर झिजतं, मग जठरात चक्क आतड्यासारख्या पेशी दिसायला लागतात, आणि त्यातल्या थोड्याच लोकांना पुढे कॅन्सर होतो.

थोड्याच का? याच प्रश्नाने मला धरून ठेवलंय. भारतात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात हा जंतू आहे, तरी हा कॅन्सर त्या मानाने कमी, आणि मिझोराममध्ये मात्र खूप. जंतूची जात, आपले जीन्स, जास्त मीठ, धुरावलेलं मांस, बिडी-सिगरेट, सगळ्यांचा हात आहे, पण कोणाचा किती ते अजून सुटायचंय. (खर्राही, म्हणजे तंबाखू-सुपारीचा, विचारतात लोक. तो तोंड आणि अन्ननलिकेसाठी घातक आहे हे सिद्ध झालेलं आहे, सोडाच.)

मला खरं वाईट वाटतं ते उशिरा येणाऱ्यांचं. महिनोन् महिने मेडिकलमधून गॅसच्या गोळ्या, आणि वजन उतरतंय, दोन घासांत पोट भरतंय, शौच काळी होतेय, तरी स्कोपीला, म्हणजे तोंडातून नळी घालून दुर्बिणीने पोट बघायला, नाही म्हणतात. असं काही असेल तर स्कोपी कराच, त्यात तुकडा काढून जंतूही तपासता येतो. फक्त त्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्यांनी जंतू दबतो आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून शक्य असेल तर ते दोन आठवडे आधी त्या बंद करायला सांगतात.