मुंग्या, मारबत आणि मी

तान्हा पोळा, रात्री साडेदहा

घसा पार बसलाय. उद्या ऑफिसात कोणी विचारलं तर सर्दी म्हणून सांगीन. देवघरात दिवाळीपुरतं डोकावणाऱ्या चाळिशीतल्या बाईने नागपूरच्या इतवारीत उभं राहून घसा फुटेस्तोवर ओरडावं, हे कोणत्या तोंडाने सांगू?

पण आधी रविवारचं लिहिते, ते डोक्यातून जात नाहीये. मनीषनगरात मावशीच्या ओळखीच्या एका बाईंकडे सामूहिक ध्यान असतं. पडदे ओढलेले, एसी, धुपाचा वास, वीस-पंचवीस बायका. डोळे मिटण्याआधीच बाईंनी बजावलं, "तळहात वर ठेवा. मुंग्या आल्या तर घाबरू नका, ती ऊर्जा आहे." आल्या की! दोन्ही तळहातांत, खऱ्याखुऱ्या. शेजारची मुसमुसायला लागली आणि माझेही डोळे भरले. जिना उतरताना मावशी म्हणाली, "आता सांग, झालं ना काही? अन् तू येतच नव्हती!" झालं होतं. नाही कशी म्हणू?

मग सोमवारी घरी एकटीच बसून पाहिलं. पंखा, शेजारचा मिक्सर, तळहात वर, वीस मिनिटं. मुंग्या पुन्हा आल्या. शरीराच्या कुठल्याही भागाकडे इतका वेळ लक्ष लावलं की तिथे काहीतरी जाणवतंच. रडू मात्र आलं नाही. म्हणजे मुंग्या माझ्या होत्या, रडू त्या बायकांमधलं.

कॅनडातल्या मायकेल पर्सिंगर यांचं हेल्मेट आठवलं. त्यातून डोक्याला अगदी क्षीण चुंबकीय लहरी द्यायच्या, आणि लोकांना खोलीत 'कुणीतरी' असल्याचा भास व्हायचा. पुढे स्वीडनमधल्या उपसालाच्या संशोधकांनी 89 जणांवर तोच प्रयोग केला. यंत्र चालू आहे की बंद, हे ना बसणाऱ्याला माहीत, ना बसवणाऱ्याला. चालू-बंदने काहीच फरक पडला नाही. ज्यांच्या मनावर सूचनेचा परिणाम चटकन होतो, त्यांनाच जास्त जाणवलं. मी त्यांतलीच असणार. (डॉक्टरांनी गोळीने मळमळेल म्हटलं की मला चिठ्ठी हातात असतानाच मळमळतं.)

एवढं सगळं कळून आज काय झालं? काळी मारबत आली, म्हणजे गावाची पीडा घेऊन जावी म्हणून मिरवत नेऊन जाळतात तो बाईचा मोठा पुतळा. 1881 पासून निघते ती. पिवळी 1885 पासूनची. ढोल, गुलाल, बडग्यांवरच्या (सोबतच्या टीकेच्या पुतळ्यांवरच्या) खोचक पाट्या. सोबत हैदराबादहून बदलून आलेली ऑफिसातली मैत्रीण होती. "ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत!" कुठूनतरी उठलं आणि माझ्या तोंडून कधी निघालं ते कळलंच नाही. अंगावर सरसरून काटा. यावेळी कोणी काही बजावलंही नव्हतं! पण आबांच्या खांद्यावर बसून पाच वर्षांची मी हेच ओरडत होते, मग वेगळं बजावायची गरजच काय? मैत्रिणीने कानात बोटं घातली होती. नंतर म्हणाली, "छान होतं, पण आवाज फार." तिच्या अंगावर काटा बिटा काही नाही.

स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके गावात लोक निखाऱ्यांवरून चालतात. तिथे मोजलंय: चालणाऱ्याच्या हृदयाचे ठोके आणि बघणाऱ्या नातेवाइकांचे ठोके एका तालात वरखाली होत होते. तीच आग बघणाऱ्या परक्यांचे नाही. आज इतवारीत आमच्या दोघींच्या छातीला यंत्र लावलं असतं तर? माझा काटा काल्पनिक म्हणायला मी तयार नाही. मात्र मारबतीने खरंच काही पीडा नेली, असंही म्हणणार नाही. ऑफिसातली पीडा उद्या दहाला हजर असेल.

एक गोष्ट मात्र अजून सुटत नाही. मागे एकदा भर दुपारी दीक्षाभूमीवर गेले होते. स्तूपात जेमतेम चार-पाच जण, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तरी घशाशी काहीतरी दाटलं. 14 ऑक्टोबर 1956 ला इथे लाखोंनी काय केलं ते माहीत होतं म्हणून? म्हणजे गर्दी नसतानाही मी ती सोबत घेऊन गेले होते? आणि बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेशांना देव न मानण्याची. मग तिथे दाटून आलं त्याला अध्यात्म म्हणायचं, की दुसरं काही?

मावशीचा मेसेज आलाय. "रविवारी येतं का?" जाईन. बाई सूचना द्यायला लागल्या की कानात कापूस घालते का बघू. आणि शेजारी तीच मुसमुसणारी असेल तर तिला रुमाल देईन, परवा तिच्याकडे नव्हता.