जहाज पळवणारा आमदार

मांडवीतून खनिजाच्या बार्जी जाताना बघत मोठा झालेला माणूस मी, त्यामुळे जहाजाची गोष्ट असली की राजकारणसुद्धा आवडीने वाचतो. सध्या डोक्यात रॉबर्ट स्मॉल्स बसलाय. १८३९ साली अमेरिकेच्या दक्षिणेत, साऊथ कॅरोलायनातल्या ब्यूफर्टला गुलाम म्हणून जन्मला, पुढे चार्ल्सटन बंदरात 'प्लॅंटर' नावाच्या बोटीवर काम करायचा. तेव्हा अमेरिकेचं यादवी युद्ध चालू होतं आणि बोट गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सैन्याकडे होती. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले, हा पठ्ठ्या कॅप्टनची स्ट्रॉ हॅट घालून बोट घेऊन निघाला, वाटेत बायकापोरांना चढवलं, किल्ल्यांसमोर बरोब्बर शिट्ट्या वाजवल्या, फोर्ट समटर ओलांडला आणि पांढरी चादर फडकवत थेट युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, नौदलाकडे!! तोफांसकट.

आता खरं राजकारण. १८६८ च्या राज्यघटना परिषदेत त्याने सगळ्या मुलांना सरकारी शाळा हव्यात असा आग्रह धरला, मग विधानसभा, मग राज्याचं सिनेट, पुढे वॉशिंग्टनला काँग्रेसमध्येही, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेला. १८७७ ला लाचेच्या केसमध्ये दोषी ठरवलं, नंतर माफी मिळाली, मला तरी ती केस विरोधकांनी घडवून आणलेलीच वाटते. पक्ष मात्र शेवटपर्यंत रिपब्लिकनच हां, आमच्या पर्वरीत, गोव्याच्या विधानसभेत, हे कोणाला सांगितलं तर हसतील.

आणि हो, ज्या मालकाच्या घरामागे जन्मला ते ब्यूफर्टचं घरच त्याने नंतर विकत घेतलं. १८९५ ला काळ्यांचा मताधिकार काढणारी नवी घटना आली तेव्हा म्हातारा परत परिषदेत उभा राहून भांडला आणि सही करायला चक्क नाही म्हणाला.