तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे सायटेशन आले कुठून?

सेमिनार संपला की पीएचडीची मुलं गाठतातच. "मॅडम, तुमचे पेपर चाळीसही नाहीत, मग सायटेशन एवढे कसे?" सायटेशन म्हणजे आपल्या पेपरचा इतरांनी त्यांच्या पेपरांत दिलेला संदर्भ. आजवर मी विषय बदलत आले. आता सांगते.

एका पेपरमुळे. जगभरच्या रोगभाराचा तो अभ्यास. लेखक शेकडो, त्यात माझं नाव कुठेतरी मध्ये. महाराष्ट्रातल्या मृत्यूंच्या कारणांची आकडेवारी मी तपासली, दोन मसुद्यांवर शेरे दिले, शेवटच्या मसुद्याला संमती दिली. लेखक म्हणवून घ्यायला एवढं पुरतं. ती चोरी नव्हती, हे मी आजही ठामपणे म्हणेन. पण माझ्या एकूण सायटेशनपैकी निम्म्याहून जास्त त्या पेपरचे आहेत, आणि त्यातलं अर्धं पानही मी लिहिलेलं नाही.

संशोधकाचं काम मोजणाऱ्या एच-इंडेक्स या आकड्याला बोल लावू नका. २००५ साली हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो मांडला. बारा पेपरांना प्रत्येकी किमान बारा संदर्भ असले तर इंडेक्स बारा. एकाच पेपरला हजारो मिळाले तरी त्याने तो फार तर एकाने वाढतो. माझा बाराच आहे. पण मुलाखतीच्या दिवशी निवड समितीने एकूण सायटेशन विचारले.

सहयोगी प्राध्यापकाची एकच जागा होती. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी माझा एमडीचा वर्गमित्र बसला होता. मांडीवर स्पायरल बाइंडिंगचा मराठी अहवाल. सातपुड्यातल्या एका तालुक्यात तीन पावसाळे काढून, नवजात बाळ दगावलेल्या घराघरांत जाऊन त्याने तो लिहिला होता. कळा केव्हा सुरू झाल्या, गाडीला फोन कधी केला, कुठल्या नाल्याला पाणी होतं, सगळं तासांच्या हिशेबात. तो वाचल्यावर तिथे पावसाळाभर एक गाडी नाल्याच्या पलीकडे उभी राहू लागली. बाविसाव्या पानावर एक वेळ चुकली होती, ती तो पेनने दुरुस्त करत होता.

आत मला विचारलं, "टोटल सायटेशन्स?" मी आकडा सांगितला. एकाने तो लिहून घेऊन खाली रेघ मारली. कोणता पेपर, त्यात तुमचं काम काय, कोणीच विचारलं नाही. मी आपण होऊन सांगायला हवं होतं का? तेव्हा वाटलं, विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं. आता आठवतं ते एवढंच की, पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून मी टेबलाखाली हात घट्ट धरून बसले होते. वर्गमित्र सात-आठ मिनिटांत बाहेर आला. म्हणाला, "अहवाल उघडलाच नाही गं कोणी." जागा मला मिळाली.

नंतर मी त्याच्यावरच चिडले. पेपर का नाही केलास? गडचिरोलीच्या ३९ गावांत बंग दांपत्याने घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, तो १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, म्हणून तर जगाला कळला. २०११ पासून देशभरच्या आशांच्या कामात तो आला. छापणं म्हणजे मिरवणं नव्हे, हे माझं मत आजही बदललेलं नाही.

तो म्हणाला, "इंग्रजीत लिहिलं असतं तर तू वाचलं असतंस. गाडीचा ठराव ज्यांनी केला, त्यांनी कसं वाचलं असतं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

तो मोठा पेपर सायटेशन मोजणाऱ्या माझ्या ऑनलाइन प्रोफाइलमधून काढावा म्हणून दोनदा बसले. काढला नाही. पुढच्या प्रकल्पाला पैसे मागताना तो आकडा लागतो आणि तो प्रकल्प मला हवा आहे. वर्गमित्राचा अहवाल मात्र मी माझ्या चार पेपरांत 'अप्रकाशित' म्हणून संदर्भात दिलाय. त्याचं कुठे प्रोफाइलच नाही, त्यामुळे ते चार त्याच्या नावावर कुठेच जमा होत नाहीत.