बाबांचा तंबोरा मधेच का थांबतो

बाबांना गाणी ऐकायला वेगळा प्लेयर पाहिजे म्हटल्यावर घरात सगळ्यांचं एकच, फोन आहे की, त्यात सगळं वाजतं, अजून एक डबडं कशाला. पण त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. पहाटे फिरायला निघाले की कानात विलंबित ख्याल लागलेला असतो, गवई आत्ता कुठं रंगात आलेला असतो आणि तेवढ्यात लोन पाहिजे का म्हणून कुणाचातरी फोन. शिवाय स्ट्रीमिंगवर फुकट ऐकायचं तर मधे जाहिराती, आणि त्यांच्याकडच्या निम्म्या कॅसेटी तिथं नाहीतच. बरेच जण म्हणाले कारवां घेऊन टाक, आधीच पाच हजार गाणी भरलेली येतात, पण बाबांना स्वतःचीच गाणी पाहिजेत, स्वतःच्याच क्रमानं.

आम्ही मिरजेचे. सतारी-तंबोरे जिथं बनतात त्या सतारमेकर गल्लीत ज्यांचं जाणं-येणं, त्या माणसाला तंबोऱ्यातली जराशीही खोट खपत नाही हे मला आधीच कळायला हवं होतं.

पहिला प्लेयर मी घाईत घेतला, आठशे रुपयांचा, बरोबर दुकानदारानं 64 जीबीचं कार्ड पण दिलं स्वस्तात. कॉम्प्युटरला लावलं तर 64 दाखवतंय, गाणी कॉपी पण झाली, पण वाजवायला गेलं की सुरुवातीची काही नीट आणि पुढची सगळी नुसती किर्रर्र. दादानं एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर चालवायला सांगितलं, ते कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं, तर आत खरी जागा निघाली 8 जीबी. म्हणजे नवीन कार्ड आणलं की आधी ही टेस्ट, मग गाणी. आणि त्या प्लेयरची अजून एक गंमत, तो फाइली नावाप्रमाणं नाही, तर कार्डावर ज्या क्रमानं कॉपी झाल्या त्या क्रमानं वाजवायचा, त्यामुळं आधी द्रुत, म्हणजे जलद लयीतलं, आणि मग विलंबित, म्हणजे संथ लयीतलं. बाबा म्हणाले, अगं जेवणाआधी विडा कुठं असतोय होय?

खरी भानगड मात्र पुढची. जुन्या सीडींवर बऱ्याचदा विलंबित पहिल्या ट्रॅकवर आणि द्रुत दुसऱ्यावर असतं, पण मैफल एकच असते, मागं तंबोरा अखंड चालू असतो. आमच्या प्लेयरमधे ट्रॅक बदलताना अर्धा सेकंद सगळं गप्प व्हायचं आणि मग तंबोरा पुन्हा सुरू. मला तर ते जाणवलं पण नव्हतं. बाबांनी इयरफोन काढून माझ्याकडं बघितलं, "मधेच तंबोरा का थांबतोय?" मी म्हटलं, अहो तुमच्या कॅसेटमधे तर चांगला अर्धा मिनिट थांबायचा. तर म्हणाले, "तिथं आपण उठून कॅसेट पालटायचो. हे आपोआप चालतंय ना, मग थांबतंय कशाला?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं म्हणून शोधत बसले. एमपीथ्री फाइल म्हणजे छोटे छोटे तुकडे असतात, एकेका तुकड्यात 1152 सॅम्पल, म्हणजे आवाजाची सुटी मोजमापं, सीडीच्या हिशोबानं साधारण 26 मिलिसेकंद. गाणं काही मोजून त्या तुकड्यात बसत नाही, मग एन्कोडर, म्हणजे गाण्याची एमपीथ्री बनवणारं सॉफ्टवेअर, शेवटी शांतता भरून तुकडा पूर्ण करतो आणि सुरुवातीलाही थोडी शांतता येतेच. लेम नावाचा जो एन्कोडर आहे तो किती शांतता भरली ते फाइलमधे लिहून ठेवतो, पण प्लेयरनं ते वाचून तेवढा भाग कापायला पाहिजे ना. फ्लॅक म्हणून दुसरा फाइलचा प्रकार आहे, आवाजातलं काहीही न गाळता फाइल लहान करणारा, त्यात ही भरताड नसतेच. पण प्लेयरच जर एक फाइल बंद करून निवांत दुसरी उघडत असेल तर फ्लॅक घालून पण तंबोरा तुटणारच. ट्रॅक मधे न थांबता सलग वाजवायच्या सोयीला गॅपलेस म्हणतात, आणि खोक्यावर आवाजाच्या बारकाईचे आकडे, 24 बिट, 192 किलोहर्ट्झ, मोठ्ठ्या अक्षरात असतात, गॅपलेसचं मात्र बऱ्याचदा नावच नसतं.

मग दादानं त्याचा जुना सॅनडिस्कचा सान्सा क्लिप प्लस पाठवून दिला, काडेपेटीपेक्षा थोडासा मोठा, शर्टाला अडकवायचा, त्यावर त्यानं कॉलेजात असताना रॉकबॉक्स टाकलेलं. रॉकबॉक्स म्हणजे लोकांनी मिळून 2001 पासून बनवलेली फुकट प्रणाली, कंपनीच्या ऐवजी ही चालवायची. तंबोरा एकदम सलग! बॅटरी म्हातारी झालीये, दोन तासात मान टाकते, पण बाबांना काय पाहिजे ते त्या एवढ्याशा डबीनं दाखवून दिलं, खिशात हात घालून न बघता दाबता येतील अशी बटणं, कार्डाची खाच, वायरचा इयरफोन आणि गॅपलेस. टचस्क्रीन बघून तर ते म्हणतात, हे पुसायचं का दाबायचं.

फॉरमॅटचं म्हणाल तर मी एक प्रयोग केला. एकाच सीडीवरचा अभंग फ्लॅक आणि 320, 192, 128 केबीपीएसच्या एमपीथ्रीमधे (आकडा जितका लहान तितका आवाज जास्त गाळलेला) काढला आणि कुठला कुठला ते न सांगता ऐकवला. 128 वाला त्यांनी दहा सेकंदात पकडला, म्हणाले "टाळ पत्र्यासारखे वाजतायत". खरंच की, परत ऐकलं तर टाळाचा नाद मागं राहण्याऐवजी नुसतं शुस्स शुस्स होतंय. 192 ला थोडे अडखळले. 320 आणि फ्लॅकमधे दोघांनाही काडीचा फरक कळला नाही, आणि मी चांगली तीन वेळा उलटसुलट करून बघितलं.

तरी शेवटी सगळं फ्लॅकमधेच ठेवलं. का, तर हिशोब सोपा आहे, सीडीचं एक मिनिट म्हणजे साधारण 10 एमबी, तासाचे सहाशेच्या वर, फ्लॅकमधे ते निम्म्याच्या आसपास येतं. आमच्या साठ सीडी वीस-बावीस जीबीत बसल्या. कार्डात जागा पडलीये तर एमपीथ्री करून परत दुसऱ्यांदा सगळं काढत कोण बसणार, फ्लॅकवरून पुढं कधीही एमपीथ्री करता येतं, उलटं नाही होत, 128 चं 320 केलं तर फाइल नुसती फुगते, ताकाचं काय परत दूध होत नाही. आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवरून आलेलं जे आहे, तीन-तीन मिनिटांत अख्खा राग, ते मुळातच मोनो आहे, तिथं हाय-रेझ, म्हणजे ते खोक्यावरचे मोठ्ठे आकडे, करून फक्त खरखर जास्त बारकाईनं ऐकायला मिळते.

नवीन प्लेयर घेताना मी सरळ स्वतःचं कार्ड घेऊन गेले, त्यात तेच विलंबित-द्रुतचे दोन ट्रॅक. पहिला शेवटपर्यंत पळवायचा आणि जोडावर कान द्यायचा. पहिला नापास. दुसऱ्याला माझं 64 चं कार्डच वाचता येईना, कार्डावर फाइली मांडायच्या पद्धतींपैकी तो फक्त फॅट32 समजणारा निघाला आणि मोठी कार्डं एक्सफॅट नावाच्या दुसऱ्या पद्धतीत येतात. तिसरा पास. बटणं आहेत, चार हजाराच्या आत बसला. मराठी नावं मात्र मोडून दाखवतो, बाबा रोज सकाळी "मल् हार" असं थांबून वाचून हसतात. चालतंय.

आता त्यांना कॅसेटी पण आत पाहिजेत. जुना डेक लॅपटॉपला जोडून ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमधे रेकॉर्ड करायचं, दीड तासाच्या कॅसेटला दीड तासच लागतो, त्यात शॉर्टकट नाही. एकशे चाळीस आहेत. हे लिहितेय तेव्हा शेजारी चौदावी फिरतेय आणि बाबा आतून ओरडतायत, साइड संपली बघ, पालट.