यांनी आभार मानले

दुपारी एकपासून साडेतीन-चारपर्यंत गोव्यातला बाजार झोपतो, आणि फोंड्याच्या वरच्या बाजारातली कुत्रीसुद्धा ही शिस्त पाळतात. हुमण-भात जेवून आडवे होण्यापूर्वी वर्तमानपत्राचे आतले पान वाचायचे, अशी माझी जुनी सवय आहे. पहिले पान सकाळी चहाबरोबर उरकलेले असते, पण आतल्या पानाला निवांतपणा लागतो. तिथे कुणाची तरी नेत्रतपासणी मोफत झालेली असते, कुठे रक्तदान शिबिराला उत्स्फूर्त प्रतिसाद मिळालेला असतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, जूनमध्ये वह्यांचे वाटप, जत्रांच्या दिवसांत देवळांपुढची नाटके, असे हे पान ऋतूंप्रमाणे चालते आणि श्रावण लागला की भजनाने भरून जाते. वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहाचे भाग्य वेगळे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तिथे चोवीस तासांचे अखंड भजन सुरू झाले की त्याचे छायाचित्र पहिल्या पानावर येते. वाड्यावाड्यांवरच्या भजनाला मात्र आतल्या पानावर वीतभर जागा मिळते, आणि मला तीच वाचायची असते.

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या वाड्यावरील महिला भजनी मंडळाच्या वर्धापनदिनाची बातमी आली होती. दीपप्रज्वलन झाले होते, ईशस्तवन झाले होते, प्रमुख पाहुण्यांनी समयोचित विचार मांडले होते, ज्येष्ठ भगिनींचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार झाला होता आणि सूत्रसंचालन करणारीचे नावही होते. त्यानंतर पूर्णविराम होता आणि त्याखाली वीजपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना होती. आभार कोणी मानले, ते कुठेच नव्हते. मी पान उलटून पाहिले, बातमीचा उरलेला भाग दुसऱ्या रकान्यात गेला आहे का तेही पाहिले. त्या दुपारी मला झोप लागली नाही.

हे हसण्यासारखे आहे, हे मला कळते. पण अशा बातम्या मी लहानपणापासून शेवटच्या ओळीकडून वर वाचत आले आहे, आणि या खोडीचे मूळ आमच्या घरातच आहे. बाबा वाड्यावरच्या मंडळाचे चिटणीस होते. कार्यक्रम संध्याकाळी पाचला असला की त्याची बातमी दुपारी तीनलाच रेघांच्या कागदावर, सुवाच्य अक्षरात, संपूर्ण भूतकाळात लिहून तयार असे. पाहुणे घरून निघण्यापूर्वीच त्यांचे भाषण उद्बोधक झालेले असे आणि सतरंज्या अंथरण्यापूर्वीच नागरिक मोठ्या संख्येने उपस्थित राहिलेले असत. बाबा जागा मोकळी सोडत ती एकच, ‘यांनी आभार मानले’ याच्या आधीची. अध्यक्ष, पाहुणे, सत्कारमूर्ती हे महिनाभर आधी ठरत. आभार मानणारा मात्र ऐनवेळी ठरे, कारण हे काम कुणालाच नको असे आणि शेवटी जो व्यासपीठाजवळ सापडे त्याच्या ते गळ्यात पडे.

ती मोकळी जागा भरण्याचे काम माझ्याकडे होते. पहिल्या रांगेत, मांडीवर वही आणि वहीत तो कागद ठेवून मी बसत असे. समई वाऱ्याने विझे, चार काड्या वाया जात, मग कुणीतरी पंखा बंद करी. पुढची भाषणे मला आठवत नाहीत, पण आभाराची वेळ आठवते. पहिले वाक्य पूर्ण होण्याआधी मागच्या रांगेतल्या लोखंडी खुर्च्या मिटल्या जाऊ लागत आणि त्यांचा खडखडाट पुढे पुढे सरकत येई. लाउडस्पीकरवाला वायर कोपरावर गुंडाळत उभा असे आणि माइक कधी सुटतो याची वाट पाही. बोलणारा नेमका त्यालाच विसरे. मग बाबा खालून हळूच सुचवत आणि त्याचे नाव घेतले जाई, तोवर ऐकायला तोच एकटा उरलेला असे. मी पेन्सिलीने नाव लिहून चौकातल्या दुकानाकडे धावत सुटे. दुकानदारच वार्ताहर होते. ते कागद पाकिटात घालून पणजीच्या शेवटच्या बसच्या कंडक्टरकडे देत. सरकारी बसगाड्यांचे कदंब महामंडळ १९८० साली आले; ही गोष्ट त्याआधीची, खाजगी गाड्यांच्या काळातली आहे.

एका वर्षी आभार मानण्याचे काम पखवाज वाजवणाऱ्या काकांवर आले. दोन दिवसांनी बातमी छापून आली, पण जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, हे तोवर आम्हांला ठाऊक नव्हते. काका वर्तमानपत्राची घडी काखेत घेऊन घरी आले. त्यांनी तक्रार केली नाही. चहा घेतला, पावसाविषयी बोलले, आणि उठताना दारातून म्हणाले, ‘‘आमच्यापाशी येईपर्यंत शाई संपली वाटते.’’ त्यानंतर बाबांनी एक युक्ती काढली. आभाराची ओळ त्यांनी बातमीच्या मध्यावर, दीपप्रज्वलनाच्या लगेच नंतर घातली. त्यामुळे पुढची काही वर्षे आमच्या मंडळाच्या बातम्यांत आधी आभार मानले जात आणि मग प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहत. काही पाहुण्यांच्या बाबतीत प्रत्यक्षातही तसेच झाले असते, तर लोकांची सोय झाली असती.

एका नावासाठी एवढा खटाटोप कशाला, असे मी एकदा बाबांना विचारले होते. त्यांनी उत्तर दिले नाही. कपाटातून स्वतःची लग्नपत्रिका काढून दाखवली. ती १९५९ सालची होती. पोर्तुगीज अमलाच्या त्या काळात लग्नपत्रिकाही छापण्यापूर्वी सेन्सॉरकडून संमत करून आणावी लागे. वधू, वर, मुहूर्त आणि मांडवाची जागा, एवढ्याच मजकुरासाठी बाबांनी कचेरीत दोन हेलपाटे घातले होते. ‘आनंद लहरी’ हे मराठी नियतकालिक गोव्यात १८७० साली निघाले होते, म्हणजे मराठी छपाई गोव्याला नवी नव्हती. पण मनात येईल ते कुणाला न विचारता छापता येणे नवे होते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि मार्च १९६२ मध्ये ‘गोमन्तक’ दैनिक सुरू झाले. तेव्हापासून माणसे भजनाच्या, नाटकाच्या, सत्यनारायणाच्या बातम्या आणि त्यांतली नावे हावऱ्यासारखी छापू लागली, याचे मला आता नवल वाटत नाही. बाबा मात्र स्वतःवर आभाराची पाळी आली की ‘चिटणीसांनी आभार मानले’ एवढेच लिहीत, आणि आई त्यावरून त्यांच्याशी एक दिवस बोलत नसे.

आता कार्यक्रम संपण्यापूर्वीच मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर चाळीस छायाचित्रे येऊन पडतात. त्यांत नावे नसतात. सगळेजण सगळ्यांना जोडलेले हात पाठवतात, आणि नेमके कोणी कोणाचे आभार मानले ते कळत नाही.

शेवटी चार वाजता मी त्या महिला मंडळाच्या चिटणीसबाईंना फोन केला. बातमी कापली गेली असणार आणि कुणीतरी मनातून खट्टू झाली असणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी माझा प्रश्न दोनदा विचारून घेतला आणि मोठ्याने हसल्या. ‘‘अगे, पावस आयलो न्हय!’’ सत्कार संपता संपता पत्र्याच्या छपरावर असा पाऊस कोसळला की माइकवरचेही ऐकू येईना. निम्म्या बायका बससाठी पळाल्या, उरलेल्यांनी पेटीवर आणि पखवाजावर ताडपत्री धरली, आणि आभार तसेच राहिले. बातमी कापलेली नव्हतीच.

‘‘तू आली असतीस, तर तुलाच उभी केली असती,’’ त्या म्हणाल्या.

आमंत्रण मला होते, हे खरे आहे.