ड्रायर घेतला, पण आधी अर्थिंग करून घेतलं – माझा अनुभव

आमच्याकडे इंदिरानगरला पावसाळ्यात कपडे वाळणं म्हणजे मोठाच प्रश्न असतो. नाशिकचा पाऊस बरेचदा धो धो नसतो, त्र्यंबककडनं ढग येतात आणि दिवसदिवस नुसती भुरभुर चालते, गोदावरीला पाणी सोडलं की लोक नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघायला जातात आणि इकडे घरात सगळ्या दोऱ्यांवर ओली दुपटी लटकलेली. सासूबाईंना दमा आहे, त्या कुबट हवेने त्यांचा खोकला थांबायचाच नाही, म्हणून ड्रायर घ्यायचं ठरलं.

दुकानात सांगितलं, मोठा प्लग आहे, सोळा अँपिअरचा पॉइंट असला की झालं, लावा आणि चालू करा. पॉइंट तर होता बाल्कनीत, वॉशिंग मशीन त्याच्यावरच चालतं. पण ड्रायरच्या मागच्या प्लेटवर २४०० वॅट लिहिलंय, म्हणजे २३० व्होल्टला साडेदहा अँपिअरच्या आसपास, आणि वॉशिंग मशीनचा पाण्याचा हीटर २००० वॅटचा, ते आणखी पावणेनऊ. दोन्ही एकदम लागले की एकोणीस अँपिअर एका सोळाच्या लाइनवर. मला वाटायचं की असं झालं तर एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडून लाइन बंद करणारा खटका) लगेच पडेल, पण तसं नसतं बरं का. १६ चा एमसीबी साधारण १८ अँपिअरपर्यंत तासभर तरी पडत नाही आणि तासाभरात नक्की पडायला साधारण २३ लागतात. एकोणीस म्हणजे नेमकं मधलं, तो पडेल किंवा नाहीही पडणार आणि तोवर सॉकेट आणि वायर तापत राहणार. म्हणून ड्रायरला मेनपासून वेगळी लाइन हवी हे पक्कं झालं.

पहिला वायरमन आला त्याने मीटर लावून बघितलं आणि म्हणाला की या पॉइंटला अर्थिंग, म्हणजे बिघाड झाला तर करंट जमिनीत जायची वाटच, नाहीये. हे ऐकूनच मला धस्स झालं कारण इतकी वर्षं मशीन तिथेच चालतंय! पुढे तो म्हणाला, काळजी करू नका, आतूनच न्यूट्रलमधनं (करंट परत जातो ती वायर) अर्थच्या पिनेला तुकडा जोडून देतो, मीटरवर बरोबर दिसेल. मी सरळ नाही म्हटलं आणि दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचं ठरवलं. कारण पुढेमागे कधी तो न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला तर फेज, म्हणजे करंट घेऊन येणारी वायर, हीटरमधनं फिरून त्या तुकड्यावर आणि तिथनं ड्रायरच्या पत्र्यावर येणार, म्हणजे पूर्ण २३० व्होल्ट आणि आपण ओल्या हाताने दार उघडतोय. हे कुणी सुचवलं तर अजिबात करू देऊ नका, प्लीज.

नंतर आमच्या शेजारच्या ताईंनी एका लायसनवाल्या काकांचं नाव सुचवलं. त्यांनी आधी काही न बोलता मेन बंद केला आणि बाल्कनीचा बोर्ड उघडला तर हिरवी वायर होती पण मागच्या डब्यातच कापून सोडलेली. म्हणाले, ताई, अर्थ नसताना अशा मशीनच्या पत्र्याला झिणझिण्या येतात, ते बिघाड नसतानाही होतं, आतल्या फिल्टरमधनं थोडा करंट अर्थकडे जात असतो आणि त्याला वाट नाही मिळाली की तो पत्र्यावर बसतो. आणि ते डिजिटल मीटर हवेत लोंबकळणाऱ्या वायरवरही काहीतरी व्होल्टेज दाखवतं, म्हणून काका बल्बने तपासतात. साधा १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावला तर तो फेज-न्यूट्रलइतकाच लख्ख पेटला पाहिजे. आमचा पेटलाच नाही. अर्थात हे त्यांनी केलं, आपण घरी करायचं काम नाही हे.

मग ते खाली मीटर रूममध्ये गेले, तिथे बिल्डिंगच्या अर्थच्या पट्टीचा बोल्ट गंजलेला होता, तो सेक्रेटरींना सांगून घासून नवा बसवून घेतला. त्यानंतर घरातल्या डीबीवरच (सगळे एमसीबी असतात तो मेन बोर्ड) बल्ब लावला तर लख्ख! म्हणजे जमिनीपर्यंत वाट आहे. तिथनं बाल्कनीपर्यंत केसिंग पट्टीतनं ४ स्क्वेअर एमएम जाडीची तांब्याची वायर टाकली, लाल फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवी अर्थ, आणि मशीनच्या जुन्या पॉइंटलाही तीच अर्थ जोडून दिली. अडीचची पण चालली असती म्हणे पण आमचा डीबी दाराशी आणि बाल्कनी पार दुसऱ्या टोकाला म्हणून ४ घेतली. एमसीबी मात्र १६ चाच, कारण प्लग १६ चा आहे, वायर जाड आहे म्हणून २५ चा लावला तर प्लग जळेल तरी एमसीबी पडणार नाही. सॉकेट नळापासून लांब, भिंतीवर उंच, पावसाचा शिंतोडा लागणार नाही असा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरची. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसाला मारायला अँपिअरचा अगदी लहानसा भाग पुरतो, त्याने १६ चा एमसीबी हलत पण नाही. आरसीसीबी बघते की फेजमधनं जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधनं परत येतोय का, फरक पडला की लगेच पडून लाइन बंद करते. ती बसवल्यावर काकांनी तोच बल्ब पुन्हा फेज-अर्थमध्ये लावला आणि लागायच्या आत खट्कन पडली, ते बघून खरंच जीव भांड्यात पडला. तिच्यावरचं टी बटण मी महिन्यातनं एकदा दाबते, पडली नाही तर बदलायची.

आमच्या महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार', म्हणजे घराला किती वीज लोड मंजूर आहे तो आकडा, छापलेला असतो, तोही बघून घ्या, गीझर, एसी आणि वर ड्रायर म्हटल्यावर आमचा कमी पडत होता, तो वाढवून घ्यायला अर्ज केला.

पहिला लोड अर्धा तास चालल्यावर काकांनी मला ड्रायर बंद करून प्लग काढून त्याला हात लावायला सांगितलं होतं. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर स्क्रू ढिला आहे. आमचा कोमट होता. तरी पहिल्या महिन्यात अधूनमधून बघत होते, आणि लिंटची (कपड्यांतनं निघणाऱ्या बारीक धाग्यांची) जाळी प्रत्येक लोडनंतर साफ करते, ती तुंबली की हवा अडते, हीटर नको इतका तापतो आणि ते लिंट पेट घेऊ शकतं. रात्री झोपताना ड्रायर लावून ठेवत नाही आम्ही.