शहर बुडाले कुणामुळे?

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवले, असे आपण सहज म्हणतो. परंतु शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला तो मुख्यत्वे पूरभिंती आणि बांध फुटल्यामुळे, आणि त्यांपैकी काही भिंती पाणी माथ्यावरून वाहण्याआधीच पायातून सरकल्या. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने २००६ मध्ये रचनेतील दोष मान्यही केले. केवळ निसर्गाला बोल लावणे मला म्हणूनच पटत नाही.

पुढे काही सखल वस्त्यांच्या जागी उद्याने करण्याचा प्रस्ताव नकाशावरच्या हिरव्या ठिपक्यांतून समोर आला, तेव्हा रहिवासी संतापले. धोक्याच्या जागी पुन्हा घर बांधू नये, हे मलाही मान्य आहे. मात्र तिथे राहणाऱ्यांना आधी विचारायला हवे. तो संताप मला लातूर जिल्ह्यात बसून कळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आमच्याकडची दगडमातीची माळवदे कोसळली आणि कित्येक गावे नव्या जागी गेली. घर पक्के मिळाले, तरी आमची आजी कितीतरी वर्षे जुन्या गावठाणात जाऊन, ढिगाऱ्यात उरलेला घराचा उंबरा पदराने पुसून येत असे. नव्या गावातल्या सरळ रस्त्यांवर तिची जुनी आळी चार दिशांना विखुरली होती.